चुंबकीय फ्लक्स आणि कॉइलचे क्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली बरीच मुले प्राथमिक शाळा मराठीतून शिकतात आणि पुढचे सगळे विज्ञान इंग्रजीतून. बारावीला फिजिक्समध्ये हा विषय येतो तेव्हा सूत्र तोंडपाठ असते, पण ‘टीचर, फ्लक्स म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न वर्गात न विचारता मागाहून विचारला जातो. पालक विचारतात, वायरमन विचारतात, पंख्याचे वाइंडिंग करणारेही विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे पान. मी इथे कॉइल, सॉलेनॉइड (नळीसारखी लांब गुंडाळलेली कॉइल), करंट असे रोजचे शब्दच वापरले आहेत. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना कुंतल, नालकुंतल आणि विद्युतधारा म्हणतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. फ्लक्स विचारला की आधी विचारायचे: कुठल्या कॉइलमधून? कॉइल ठरवल्याशिवाय फ्लक्सला उत्तरच नाही.

चुंबकीय क्षेत्र आणि फ्लक्स यांत फरक काय?

क्षेत्र हे एका जागेचे असते. तुमच्या टेबलावरच्या एका बिंदूपाशी ते किती आणि कुठल्या दिशेला, एवढेच ते सांगते. ते मोजायचे टेस्लामध्ये. फ्लक्स हा एका चौकटीचा किंवा वेढ्याचा असतो: त्या चौकटीतून क्षेत्राचा किती भाग आरपार जातो. तो मोजायचा वेबरमध्ये. क्षेत्र सगळीकडे सारखे असेल तर

फ्लक्स = क्षेत्र × क्षेत्रफळ × कोसाइन थीटा (थीटा हा कोन, तो कुठून मोजायचा ते पुढे येते)

आता वहीचा एक ए-फोर कागद घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०६२ चौरस मीटर. गोव्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. ते उत्तरेकडे जाते आणि क्षितिजाच्या खाली जेमतेम २० अंशांच्या आसपास झुकलेले असते, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्यापासून फार लांब नाही, ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणजे आडवा भाग सुमारे ३८ आणि खाली जाणारा भाग सुमारे १४ मायक्रोटेस्ला.

कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्यातून फक्त खाली जाणारा भाग जातो: ०.९ मायक्रोवेबरच्या आसपास. तोच कागद उत्तरेकडच्या भिंतीवर चिकटवला तर सुमारे २.४ मायक्रोवेबर. पूर्वेकडच्या भिंतीवर चिकटवला तर जवळजवळ शून्य. खोली तीच, पृथ्वी तीच, क्षेत्रही तेच. बदलली ती फक्त चौकट कशी धरली ते. हे एक उदाहरण हातात कागद घेऊन केले की फरक पुन्हा विसरत नाही.

मग त्या कागदातून खरेच काही वाहते का?

नाही. काहीही वाहत नाही, काही साठतही नाही. बलरेषा आपण कागदावर काढतो त्या हिशोबासाठी. या रेषांना सुरुवात-शेवट नसतो, म्हणूनच बंद डब्याचा एकूण फ्लक्स नेहमी शून्य येतो: जेवढ्या रेषा आत, तेवढ्याच बाहेर. फक्त उत्तर ध्रुव असलेले चुंबक आजवर कोणाला सापडलेले नाही.

थीटा नेमका कुठून मोजायचा?

कॉइलच्या पातळीपासून नाही. पातळीला जी काटकोनात उभी रेषा असते तिच्यापासून क्षेत्राच्या दिशेपर्यंत. पेपरात ‘कॉइलची पातळी क्षेत्राशी ३० अंशाचा कोन करते’ असे लिहिलेले असेल तर सूत्रात ६० घालायचे. वाक्यात ‘पातळी’ आहे की ‘लंब’ आहे याखाली पेन्सिलने रेघ मारा, मगच आकडे घाला.

करंटमुळे क्षेत्र तयार होते हे घरी पाहता येते का?

येते, आणि पाहावेच. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन अर्स्टेडने हेच पाहिले: तारेतून करंट सोडला की शेजारची चुंबकसूची हलते. सूची तारेच्या दिशेने ओढली जात नाही, ती तारेला आडवी व्हायला बघते. क्षेत्र तारेभोवती गोल फिरते. उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेला धरला तर बोटे ज्या बाजूने वळतात ती क्षेत्राची दिशा.

हिशोबासाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवा: सरळ लांब तारेपासून १ सेंटीमीटरवर १ अँपिअरमुळे २० मायक्रोटेस्ला. अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे. म्हणजे उत्तर-दक्षिण ताणलेल्या तारेखाली २ सेंटीमीटरवर होकायंत्र ठेवले आणि ४ अँपिअर सोडले, तर तारेचे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या भागाएवढे होते आणि सूची सुमारे ४५ अंश वळते. पण ४ अँपिअर साध्या सेलमधून मिळवायला जाऊ नका, तार तापते आणि सेल जातो. त्यापेक्षा तार गोल गुंडाळा.

गोल गुंडाळल्याने काय साधते?

वेढ्याच्या प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र मध्यभागी एकाच दिशेने येते, त्यामुळे सगळी बेरीज होते. गोल कॉइलच्या मध्यावर

क्षेत्र = म्यू-नॉट × वेढे × करंट ÷ (२ × त्रिज्या)

म्यू-नॉट हा एक ठरलेला स्थिरांक, इथे १.२५७ घ्यायचा. त्रिज्या मीटरमध्ये आणि करंट अँपिअरमध्ये घातला की उत्तर थेट मायक्रोटेस्लात मिळते. ५ सेंटीमीटर त्रिज्येचे १० वेढे आणि ०.३२ अँपिअर घ्या: ४० मायक्रोटेस्ला. जे करायला सरळ तारेला ४ अँपिअर लागत होते ते इथे त्याच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी करंटमध्ये झाले. कॉलेजच्या लॅबमधला टँजंट गॅल्व्हानोमीटर याच तत्त्वावर चालतो.

मात्र हे सूत्र फक्त मध्यबिंदूचे आहे. अक्षावर त्रिज्येएवढे बाहेर सरकलात की क्षेत्र मध्याच्या सुमारे ३५ टक्के राहते, आणि खूप लांब गेलात तर अंतराच्या घनाने घटते. म्हणून एकसारखे क्षेत्र हवे असेल तर दोन सारख्या कॉइल समोरासमोर, त्रिज्येएवढ्या अंतरावर ठेवतात आणि दोघींतून एकाच बाजूने करंट सोडतात. ती हेल्महोल्ट्झ जोडी. एकीचे क्षेत्र उतरते तिथे दुसरीचे चढते, आणि मधल्या भागात बेरीज जवळजवळ सपाट मिळते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हा आलेख काढताना मुलांचा चेहरा उजळतो, ते मला फार आवडते.

सॉलेनॉइडमध्ये वेढे वाढवले की क्षेत्र वाढते, बरोबर ना?

अर्धवट बरोबर. या उत्तराला मी जास्त जागा देणार आहे, कारण वाइंडिंग करणारे आणि विद्यार्थी दोघेही इथेच अडतात.

लांब सॉलेनॉइडच्या आतले क्षेत्र = म्यू-नॉट × दर मीटरला वेढे × करंट. एकूण वेढे नव्हे, दर मीटरला वेढे. २५ सेंटीमीटर लांबीत ५०० वेढे म्हणजे दर मीटरला २०००. त्यात २ अँपिअर सोडले की सुमारे ५,००० मायक्रोटेस्ला, म्हणजे ५ मिलिटेस्ला. आता तेच ५०० वेढे ५० सेंटीमीटरवर पसरले आणि करंट तोच ठेवला तर क्षेत्र निम्मे होईल. तोंडाशी मात्र आधीच ते मधल्याच्या अर्धे असते.

दुसरी बाजू करंटची. पुस्तकात ‘२ अँपिअर’ दिलेले असतात. घरी तुमच्याकडे बॅटरी असते, आणि बॅटरी करंट देत नाही, व्होल्टेज देते. तीच तार वापरून तेवढ्याच लांबीवर दुसरा थर गुंडाळला तर वेढे दुप्पट, पण तारेची लांबीही दुप्पट, रोध दुप्पट, आणि करंट निम्मा. वेढे गुणिले करंट जिथल्या तिथे. क्षेत्र वाढलेच नाही! बॅटरी जास्त वेळ टिकली आणि कॉइल कमी तापली, एवढाच फायदा, आणि तो लहान नाही. क्षेत्र खरेच वाढवायचे असेल तर जाड तार घ्या किंवा व्होल्टेज वाढवा, आणि उष्णतेकडे लक्ष ठेवा.

आत खिळा घातला की क्षेत्र हजारपट होते असे वाचले. खरे आहे का?

लोखंडाची सापेक्ष पारगम्यता (हवेच्या मानाने ते क्षेत्र किती पट वाढवू शकते तो आकडा) हजारांत असते हे खरे. पण आखूड खिळ्याची दोन्ही टोके उघडी असतात. त्या टोकांवर जे ध्रुव तयार होतात त्यांचे क्षेत्र खिळ्याच्या आत उलट दिशेने काम करते आणि बराच फायदा खाऊन टाकते. त्यामुळे वाढ हजारपट न होता कितीतरी कमी होते, आणि ती ठरते मुख्यतः खिळा जाडीच्या मानाने किती लांब आहे यावर. लोखंडाचा पुरा उपयोग हवा तर लोखंडाची वाट बंद करावी लागते, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसारखी, म्हणजे त्याच्या लोखंडी गाभ्यासारखी. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी फरक पडतो. शिवाय २ टेस्लाच्या आसपास साधे लोखंड भरून जाते. त्यापुढे करंट वाढवला तरी लोखंडाकडून जास्तीचे काही मिळत नाही.

ट्रान्सफॉर्मरवर लोड वाढला की कोअरमधला फ्लक्स वाढतो का?

नाही, जवळजवळ तेवढाच राहतो. फ्लक्स ठरवतो तो व्होल्टेज. प्रायमरीला (लाइन जोडतात त्या वाइंडिंगला) २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि १,००० वेढे असतील तर

कमाल फ्लक्स = २३० ÷ (४.४४ × ५० × १,०००) = सुमारे १ मिलिवेबर

या हिशोबात लोडचा आकडा कुठे आहे? नाहीच. लोड लावला की सेकंडरीचा (लोड जोडतात त्या वाइंडिंगचा) करंट कोअरवर उलटा जोर लावतो, प्रायमरी तेवढाच जादा करंट ओढते आणि दोघांचे भागते.

वाइंडिंगवाले ‘टर्न्स पर व्होल्ट’ म्हणतात तो याच सूत्राचा व्यवहारी चेहरा. वरच्या उदाहरणात व्होल्टला ४.३ वेढे येतात. कोअरचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंटीमीटर असेल तर १.१५ टेस्ला, ठीक आहे. तार वाचवायला ८०० वेढे घातले तर १.४४ टेस्ला, आणि रात्री लाइन २५० व्होल्टवर गेली की दीड टेस्लाच्या वर. कोअर भरायला लागते, रिकामा ट्रान्सफॉर्मरही तापतो आणि घुमतो. असा ट्रान्सफॉर्मर परत आला तर तारेच्या जाडीला दोष देण्याआधी वेढे मोजा.

चुंबक कॉइलजवळ नुसते ठेवले तर करंट का येत नाही?

कारण व्होल्टेज फ्लक्समुळे येत नाही, फ्लक्स बदलल्यामुळे येते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये हे दाखवले. किती बदलला आणि किती वेळात, एवढेच विचारायचे, आणि त्याला वेढ्यांनी गुणायचे.

वरचीच ए-फोर चौकट घ्या आणि तिच्यावर इनॅमलच्या तारेचे १०० वेढे गुंडाळा. उत्तरेकडे तोंड करून धरली की प्रत्येक वेढ्यात २.४ मायक्रोवेबर. ०.२ सेकंदात अर्धा फेरा फिरवून उलटी केली तर फ्लक्स अधिक २.४ वरून उणे २.४ होतो. शंभर वेढ्यांचा बदल ४८० मायक्रोवेबर, म्हणजे सरासरी २.४ मिलिव्होल्ट. लॅबमधल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलताना दिसतो, आणि जवळ एकही चुंबक नसते. तीच चौकट न फिरवता भिंतीसमोरून कितीही जोरात इकडून तिकडे सरकवा, काटा हलणार नाही. हालचाल आहे, क्षेत्र आहे, पण चौकटीतला फ्लक्स तेवढाच.

फॅरेडेच्या सूत्रात लेन्झच्या नियमाने येणारे उणे चिन्ह कशाचे?

तयार झालेला करंट फ्लक्सच्या बदलाला विरोध करतो, याचे. फ्लक्सला नव्हे, बदलाला. फ्लक्स कमी होत असेल तर करंट तो टिकवायला मदत करतो. उलटे झाले असते तर फुकट ऊर्जा मिळाली असती.

पावसात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो. त्याचा या विषयाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गोव्यातल्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी ही कॉइल आहे.

आज ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो तो बहुतेक घरांत आरसीसीबी असतो. त्याच्या पोटात कोअरची एक बांगडी असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तिच्या आतून जातात. फेजमधून ५ अँपिअर गेले आणि न्यूट्रलमधून ५ अँपिअर परत आले, तर दोघांचे क्षेत्र एकमेकांना मारते आणि बांगडीत फ्लक्स शून्य. आता ओल्या भिंतीतून, पाणी शिरलेल्या पंपातून किंवा माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर जमिनीत गेले, तर परत येणारा करंट तेवढाच कमी पडतो. बांगडीत ५० हर्ट्झने बदलणारा थोडासा फ्लक्स उभा राहतो, तिच्यावरच्या बारीक कॉइलमध्ये व्होल्टेज येते आणि स्विच पडतो. ५ अँपिअरच्या गर्दीतून ०.०३ अँपिअर शोधून काढायचे काम केवळ वजाबाकीने होते. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तीन गोष्टी यातून निघतात. तो सारखा पडत असेल तर गळती खरी आहे, म्हणून त्याला बगल देऊन तार जोडू नका. एकेक सर्किट बंद करून गळती कुठे ते वायरमनकडून शोधून घ्या. त्यावरचे टेस्ट बटण मुद्दाम असमतोल तयार करते, ते महिन्याकाठी एकदा दाबून पाहा. आणि एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि जमिनीत काहीच गेले नाही, तर त्याच्या दृष्टीने सगळे समान आहे आणि तो पडणार नाही.

तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पूर्ण वायरला (फेज आणि न्यूट्रल दोन्हींना) लावला की शून्य दाखवतो याचे कारणही हेच. जबड्यात एकच तार घ्यायची.

रिवाइंड करून आणलेला पंखा घुमतो आणि हळू फिरतो. कॉइलचा दोष असेल का?

आधी कपॅसिटर बदलून पाहा, बहुतेक वेळा तोच असतो. तरी फरक पडला नाही तर जोडणी तपासायला हवी. स्टेटरवरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागावरच्या) शेजारच्या कॉइल आळीपाळीने उत्तर आणि दक्षिण ध्रुव देतील अशा जोडाव्या लागतात. एक जरी उलटी जोडली गेली तरी तिचा फ्लक्स शेजारणींच्या विरुद्ध जातो. तपासायची पद्धत साधी: वाइंडिंगला लाइनऐवजी कमी व्होल्टेजचा डीसी द्या आणि छोटे होकायंत्र दातांवरून गोल फिरवा. सूची दर कॉइलला पलटली पाहिजे. जिथे ती पलटत नाही तिथे चूक. १४ ध्रुवांचा पंखा ५० हर्ट्झवर मिनिटाला ४२८ फेऱ्यांच्या आतच फिरतो, त्यापेक्षा वेगाची अपेक्षा ठेवू नका.

इंडक्शनवर मातीच्या बुडकुल्यात आमटी का होत नाही?

मातीतून करंट वाहत नाही. इंडक्शनच्या काचेखाली चपटी गोल कॉइल असते आणि तिच्यातला करंट सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा पलटतो. तो बदलता फ्लक्स भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे करंट फिरवतो आणि बूड स्वतः तापते. तांबे आणि अॅल्युमिनियममध्ये करंट फिरतो, पण रोध इतका कमी की पुरेशी उष्णता होत नाही. बुडाला चुंबक चिकटले तर भांडे चालेल.

घराजवळून कोकण रेल्वेची विजेची तार जाते. क्षेत्राचा धोका आहे का?

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. पण चुंबकीय क्षेत्र व्होल्टने ठरत नाही, करंटने ठरते. समजा तारेत ३०० अँपिअर आहेत आणि तुम्ही २० मीटरवर आहात: ३ मायक्रोटेस्ला. परतीचा करंट रुळांतून उलट दिशेने जातो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. ५० हर्ट्झसाठी सामान्य लोकांकरिता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. खरा धोका विजेचा धक्का बसण्याचा. आंबे काढायची धातूची काठी त्या तारेच्या आसपासही नेऊ नका, एवढ्या व्होल्टेजला तारेला टेकावेही लागत नाही.

आपल्याकडे लोहखनिजाच्या खाणी आहेत. होकायंत्र भरकटते का?

गोव्याचे खनिज मुख्यतः हेमॅटाइट आहे आणि ते चुंबकाला अगदी क्षीण प्रतिसाद देते. मॅग्नेटाइट असेल तिथे फरक दिसू शकतो. तुमच्या प्रयोगात जास्त त्रास देतात त्या स्लॅबमधल्या सळया, लोखंडी टेबल आणि शेजारी ठेवलेला मोबाइल.

मोबाइलने क्षेत्र मोजता येते का?

हो, बहुतेक फोनमध्ये त्यासाठीचा सेन्सर असतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे फायफॉक्स हे मोफत अॅप त्याचे आकडे दाखवते. मोकळ्या अंगणात उभे राहून एकूण क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या जवळ येते का पाहा. सेन्सर फोनच्या नेमका कुठल्या कोपऱ्यात आहे हे एक छोटे चुंबक लांबूनच हळू फिरवून शोधा, आणि अंतर तिथूनच मोजा. कॉइलचे वाचन घेताना करंट बंद असतानाचे आकडे तिन्ही अक्षांवर आधी लिहून ठेवा आणि ते वजा करा. एकूण आकड्यातून एकूण आकडा वजा केला तर उत्तर चुकते, कारण क्षेत्राला दिशा आहे.